मार्कसला घ्यायचं की नाही

त्या वर्षी पहिली निवड आमची होती. सुरुवातीला आम्हाला त्याचा आनंदच झाला. मग मार्कसचं नाव निघालं आणि बहरीनच्या गुदैबिया वस्तीतल्या आमच्या गोतावळ्यात दोन तट पडले.

बहरीनमध्ये उन्हाळा सरला की आपल्या लोकांचे फुटबॉलचे सामने सुरू व्हायचे. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी दुपारनंतर रेतीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या आणि खेळायचं. गोव्याचे, केरळचे, मंगळूरचे, मुंबईचे असे संघ होते, आमचा वसईवाल्यांचा. पूर्वी चांगला खेळाडू विमानातून उतरला रे उतरला की सगळे त्याला आपापल्याकडे ओढायचे. त्यावरून एकदा हाणामारी झाली, तेव्हा सगळ्यांनी मिळून नियम केला. नव्या खेळाडूंची नावं एकत्र करायची आणि हंगामाआधी एका संध्याकाळी बसून प्रत्येक संघाने पाळीपाळीने एकेकाला उचलायचं. आदल्या वर्षी जो तळाला, त्याची पाळी पहिली. ब्याऐंशी साली तळाला आम्ही होतो.

आमच्या संघासाठी निवड करायचा तो कामिल तुस्कानो. वसईजवळच्या नंदाखालचा. एकाहत्तरच्या सुमारास बोटीने बहरीनला आला आणि एका मोठ्या हॉटेलच्या लॉंड्रीत लागला. आम्ही त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो तिथला मुख्य झाला होता. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. खोलीत एकत्र राहणाऱ्या पोरांना घेऊन त्यानेच हा संघ उभा केला होता. स्वतः बरीच वर्षं बॅकला खेळला, मग गुडघे कुरकुरायला लागले तसा रेषेबाहेर उभा राहायला लागला. त्याची बायको मॅग्डलीन इस्पितळात नर्स होती. दोघांचं घर आम्हा सगळ्यांना उघडं असायचं. नाताळात तिथे जेवला नाही असा वसईचा माणूस गुदैबियात सापडला नसता.

मार्कस डाबरे चोवीस-पंचवीस वर्षांचा, भुईगावचा. एअरकंडिशनर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक, राहायला पूल ओलांडून मुहर्रक बेटावर, अरादला. बॉल त्याच्या पायाशी आला की समोरचा माणूस नुसता बघत राहायचा. पण मार्चमध्ये मुहर्रकला एका साध्या सामन्यात तो पळता पळता पडला. त्याला कोणी धक्का दिला नव्हता, कोणी जवळही नव्हतं. तोंड रेतीत, हात अंगाखाली. आम्ही धावत गेलो तोवर तो उठून बसला, तोंडातली रेती थुंकला आणि हसून म्हणाला, “ऊन लागलं.”

संध्याकाळ होती. गार वारा सुटला होता.

निवडीच्या आधीचा आठवडाभर आम्ही रोज हमीदच्या हॉटेलात जमायचो. हमीद रत्नागिरीकडचा, त्यामुळे त्याच्याकडे मराठीत भांडता यायचं. एका कोपऱ्यात युस्टेस, दुसऱ्या एका हॉटेलात बारवर काम करणारा, आमच्यातला सर्वांत मोठ्या तोंडाचा. त्याच्यासमोर दत्तप्रसाद, पुण्याचा, बँकेत अकाउंटंट. वसईचा नसूनही आमचा एकही सामना चुकवायचा नाही.

“पहिली निवड पुन्हा कधी मिळेल?” युस्टेस टेबलावर हात आपटून म्हणाला. “मार्कसला सोडला तर गोवेकर उचलणार. मग वर्षभर त्याचे गोल मोजत बसा.”

“आणि पुन्हा पडला तर?” दत्तप्रसादने विचारलं. “आपल्याला बॅक हवाय. तो राजन घ्या. दगडासारखा आहे. हंगामभर टिकेल.”

“दगड घेऊन काय करू? घर बांधू?”

सगळे हसले. शेजारच्या टेबलावर मॅग्डलीन आणि तिची मैत्रीण पॅट्रिशिया चहा पीत होत्या. मॅग्डलीन सहसा आमच्या वादात पडत नसे. त्या दिवशी ती तिथूनच म्हणाली, “कोणी न ढकलता जो पडतो, त्याचा दोष पायात नसतो.”

हसणं थांबलं. कामिल भिंतीला टेकून बसला होता. तो बायकोकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो बसने अरादला गेला. हे आम्हाला फार नंतर कळलं, त्याच्याच तोंडून. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीपलीकडे ओहोटीचा चिखल पसरला होता आणि मार्कस तिथे एकटा बॉल घेऊन फिरत होता.

“किती वेळा पडलास?” कामिलने सरळ विचारलं.

मार्कस आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला, “मैदानात एकदाच, अंकल. एकदा कामावर, शिडीखाली. एकदा खोलीत.”

“आणि घरात कोणाला?”

“पप्पांना होतं. केळीच्या वाडीत पाणी सोडायला गेले, ते तिथेच. तेव्हा चाळिशीसुद्धा आली नव्हती त्यांना.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“कंपनीच्या डॉक्टरला? उद्या व्हिसा कॅन्सल करतील. आई आहे, दोन बहिणी आहेत.” मग त्याने कामिलचा हात धरला. “तुम्ही नाही घेतलं तर दुसरा कोणीतरी घेईलच. मी खेळणारच. खेळताना मला काही होत नाही, अंकल. नुसता बसलो की भीती वाटते.”

कामिल म्हणायचा, त्या पोराच्या हाताला संध्याकाळच्या वाऱ्यातही घाम होता.

त्याने मार्कसकडून एक कबुली घेतली. मी हाक मारीन तेव्हा बाहेर यायचं. का म्हणून विचारायचं नाही, मागे बघायचं नाही. मार्कसने गळ्यातल्या क्रुसाला हात लावून हो म्हटलं. बदल्यात आजाराबद्दल कोणाशी बोलणार नाही असा शब्द कामिलने दिला. घरी येऊन एकट्या मॅग्डलीनला सांगितलं. ती चिडली, रडली. शेवटी म्हणाली, “दुसऱ्याकडे गेला तर ते त्याला मरेपर्यंत पळवतील. निदान तू थांबवशील.”

निवडीच्या संध्याकाळी कामिल उभा राहिला आणि मार्कसचं नाव घेतलं. युस्टेसने त्याला उचलायचंच बाकी ठेवलं. दत्तप्रसादने मान हलवली. “जुगार आहे हा,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “आणि कामिलभाऊ जुगार खेळणाऱ्यातले नाहीत. मला हे बरं दिसत नाही.”

हंगाम सुरू झाला आणि आम्ही जिंकत सुटलो. मार्कसने गोवेकरांवर गोल केले, मंगळूरवर केले. पण प्रत्येक सामन्यात हाफटाइमनंतर थोड्या वेळाने कामिल त्याला बाहेर बोलवायचा. एकदा बाहेर आलेल्या खेळाडूला परत आत जाता येत नसे. आम्ही ओरडायचो, शिव्या द्यायचो. कामिल ऐकायचा नाही. मॅग्डलीन पूर्वी क्वचित सामन्याला यायची, त्या वर्षी प्रत्येक शुक्रवारी आली. मांडीवर तिची इस्पितळातली पिशवी घेऊन रेषेजवळ बसायची. बॉल कुठेही असो, तिची नजर मार्कसवर असायची. ते बघून आपल्यालाही नकळत त्याच्याकडे बघावंसं वाटे, आणि बघितलं की काहीबाही दिसायला लागे. मध्येच तो गोलच्या खांबाला धरून उभा राहायचा. ओठ राखेसारखे व्हायचे. बुटाची नाडी बांधायला वाकायचा आणि बराच वेळ वाकलेलाच राहायचा. आम्ही एकमेकांशी हे बोललो नाही. जिंकत होतो ना.

अंतिम सामना केरळवाल्यांशी होता. मैदानाभोवती गाड्या लावून लोक टपावर चढले होते. एक-एक अशी बरोबरी झाली होती. त्या दिवशी कामिलने मार्कसला नेहमीपेक्षा जास्त वेळ आत ठेवला, बहुधा त्यालाही जिंकायचं होतं. खेळ संपत आला होता. समोर गोल दिसत होता आणि बॉल मार्कसकडे येत होता, तेवढ्यात मार्कस वाकला. नाडी बांधलेलीच होती. त्याचा हात बुटापर्यंत पोचला नाही, मध्येच लोंबकळत राहिला.

“मार्कस!” कामिल ओरडला. “बाहेर!”

मार्कसने ऐकलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं की त्याने ऐकलं. तो सरळ झाला आणि पाठ फिरवून पळायला लागला.

मग कामिल मैदानात शिरला. सामना चालू असताना, चपला घालून, रेतीतून गुडघे ओढत. रेफ्रीने शिट्टी फुंकली, लोक आरडाओरडा करायला लागले. कामिलने मार्कसचं मनगट धरलं आणि त्याला लहान मुलासारखा ओढत बाहेर आणला. मार्कस हात सोडवायला बघत होता. “सोडा मला! अंकल, सोडा!” मॅग्डलीनने त्याला जबरदस्तीने खाली बसवलं. तिची बोटं त्याच्या मनगटावर होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दहा माणसांनिशी... तसं म्हणायला नको, बदली खेळाडू आत गेला होता. पण संघाचा जीवच गेला होता. केरळवाल्यांनी गोल केला. “खलास,” मागून कोणीतरी म्हणालं. युस्टेसने मूठभर रेती उचलून कामिलच्या अंगावर फेकली. कामिलने ती झाडलीसुद्धा नाही.

त्यानंतर गुदैबियात कामिलला तोंड दाखवणं कठीण झालं. किराण्याच्या दुकानात, हमीदच्या हॉटेलात, सगळीकडे तीच चर्चा. का काढला? युस्टेस म्हणायचा, कामिल केरळवाल्यांना विकला गेला. कोणी म्हणे, पोराचं नाव झालं ते याला सहन झालं नाही. कामिलकडे उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. त्या नाताळात त्याच्या घरी जेवून गेलेलेही त्याला बघून वाट बदलायला लागले, इतकी मनं फिरली.

नवऱ्याची ही अवस्था मॅग्डलीनला बघवेना. एक दिवस तिने पॅट्रिशियाजवळ मन मोकळं केलं. पॅट्रिशियाला कामिलबद्दल कळवळा होता. पुढच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात युस्टेस पुन्हा सुरू झाला, तेव्हा तिला राहवलं नाही. “गप बस रे! त्या पोराच्या काळजाला आजार आहे. कामिलने त्याला वाचवलं. त्याच्या बापाचंही तसंच झालं होतं.”

युस्टेसचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, चला, गैरसमज मिटला. मार्कसच्या कंपनीतले दोघं तिथेच उभे आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आठवडा झाला नसेल, कंपनीने मार्कसला तपासणीला पाठवलं. इतक्या दिवसांत ज्यांनी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं, त्यांनी त्याचं घरी परतायचं तिकीट तातडीने काढलं. कामिल त्यांच्या साहेबाला भेटायला गेला. शिडीवर चढवू नका, ऑफिसात बसवा, म्हणाला. साहेब “इंशाल्ला, बघू” म्हणाला आणि काही झालं नाही.

विमानतळावर कामिल आणि मॅग्डलीन गेली होती. मीही होतो. मार्कसने मॅग्डलीनला नमस्कार केला, कामिलकडे बघितलं नाही.

“मुंबईत उतरल्याबरोबर मोठ्या इस्पितळात जा,” कामिल म्हणाला. “मॅग्डलीनने डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. जाशील ना?”

“तुम्ही शब्द दिला होता, अंकल,” एवढंच मार्कस म्हणाला आणि आत गेला.

पॅट्रिशियाचं नाव कामिलच्या जिभेवर आलं असणार. मॅग्डलीन खाली बघत उभी होती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही मुहर्रकचा पूल ओलांडून परत आलो.

मार्कस इस्पितळात गेला नाही. कामिलने सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप धाडला. खर्चाचं बघतो म्हणाला. उत्तर आलं नाही. येणारे सांगायचे, मार्कस बरा दिसतो, पंखे दुरुस्त करतो, रविवारी समुद्रावर पोरांबरोबर खेळतो. “अख्खा सामना खेळतो,” एकाने कौतुकाने सांगितलं. कामिल तेव्हा जेवत होता. तो ताटावरून उठला.

पंच्याऐंशीच्या ईस्टरनंतर बातमी आली. भुईगावच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, बॉल पायाशी असताना मार्कस पडला. पोरांना वाटलं, गंमत करतोय. ती त्याच्याभोवती उभी राहून हसत होती.

त्या शुक्रवारी आम्ही एकेक करून कामिलच्या घरी गेलो. दत्तप्रसाद आला, पॅट्रिशिया आली आणि मॅग्डलीनच्या गळ्यात पडून रडली. सर्वांत शेवटी युस्टेस आला. एवढ्या तोंडाचा माणूस, दारातच थांबला.

“तू बरोबर होतास, कामिल,” तो म्हणाला. “आम्हाला कळलं नाही.”

कामिलने आमच्यावर आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. “बरोबर काय होतं? इथे होता तोवर मी त्याला बाहेर काढू शकत होतो. तुम्ही जिंकायचं म्हणून त्याला मागितलात, हरलो म्हणून त्याच्यावरून भांडलात, आणि भांडता भांडता त्याला जिथे कोणी हाक मारणारं नाही तिथे पाठवून दिलंत.” मग एकदम आवाज खाली आला. “आणि मीही त्या दिवशी उशीर केला. मलाही तो कप हवा होता.”

युस्टेस तसाच उभा होता. मॅग्डलीनने पुढे होऊन त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. कामिलने त्याला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

पुढच्या हंगामात कामिलने निवडीचं काम सोडलं. सामन्यांनाही येईना. आम्हाला वाटलं होतं, काही दिवसांत येईल. तो आणखी चार वर्षं बहरीनमध्ये होता. शुक्रवारी दुपारी मैदानावरचा आरडाओरडा वाऱ्याबरोबर त्याच्या गल्लीपर्यंत पोचायचा, तेव्हा तो उठून खिडकी लावून घ्यायचा, असं मॅग्डलीन सांगायची.