ओला तुकडा

सोमवार, ११ फेब्रुवारी १९८०. दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या गेटवर मी उभा होतो. गळ्यात फिक्या निळ्या कापडाची चिंधी, लॉट बिघडवल्याची शिक्षा. पहिली पाळी सुटत होती.

"बघा रे," डाईंग मास्तर म्हणाले, "कोळ्याने जाळं रंगवलंय. जवळ जाऊ नका, मासळीचा वास लागेल."

लोक हसले. मीही हसलो.

चूक माझी होती. रंगाच्या टाकीतून कापलेला तुकडा इस्त्रीखाली वाळवायचा आणि मगच नमुन्याशी जुळवायचा, हा नियम. मी तो ओलाच जुळवला. आमच्या दातिवरे गावात वडील ऐनाच्या सालीच्या काढ्यात सुती जाळी बुडवत आणि रंग ओल्यावरच पारखत. जाळे समुद्रात ओलेच राहणार. ओले कापड गडद दिसते. माझा लॉट वाळला आणि फिका निघाला.

आई समोरच होती. दर सोमवारी ती सुक्या बोंबलांची पाटी घेऊन गेटपाशी बसे. ती उठून आली.

"गल्यात काय बांदलंय रं?"

मास्तरांनी मला विचारले, "ओळखतोस हिला?"

मी म्हणालो, "नाही."

आईने पाटी उचलली आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसली. घरी तिने हा विषय काढला नाही. मीही नाही.

त्यानंतर माझे काम बिघडले. किरकोळ चुकले तरी छातीत धक्का बसे, आणि डोळे चुकीकडे न जाता मास्तरांचा चेहरा शोधत. चेहरा शोधताना दुसरी चूक होई.

हे ओळखले बॉयलरवरच्या काकांनी. ते जवळच्या पाम गावचे. "तुजी नजर काट्यावर नाय," ते म्हणाले, "मास्तरच्या भिवयांवर हाय."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला टाकीच्या तापमानकाट्यासमोर उभे केले. स्वतः शेजारी राहून मास्तरांसारखे डोळे वटारले.

"किती?"

"पासष्ट."

"माज्या तोंडावर लिवलंय काय? परत बग."

"अडुसष्ट."

"हां. आता शिवी देतो. वलून बगायचं नाय."

दोन महिने, रोज. शिव्या संपल्या की म्हणत, "उद्या नव्या आनतो. काकीकडं लई हायेत."

धक्का गेला नाही. तो बसेच. पण नजर आता चेहऱ्याकडे पळत नसे. जिथे चुकले तिथे जाई, आणि हात तिच्यामागून. मेंदूला चूक कळणे आणि माणसाने भिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हाला त्या एकच म्हणून शिकवल्या गेल्या होत्या.

एप्रिलमधल्या एका सोमवारी मी वाफ जास्त सोडली. काटा साठऐवजी पंचाहत्तरवर. धक्का बसला. मी वाफ बंद केली, थंड पाणी सोडले, तुकडा कापला, वाळवला, नमुन्याशी ताडून पाहिला. लॉट वाचला होता. मग मीच जाऊन मास्तरांना सांगितले. त्यांनी तुकड्याकडे पाहिले नाही. कोपऱ्यातली चिंधी उचलली.

"घाल गळ्यात. चल गेटवर."

"चूक माझी आहे. चिंधी घालणार नाही."

"नोकरी नको काय रे, कोळ्या?"

"हवी आहे. घालणार नाही."

तोवर माझी नजर हातातल्या वाळलेल्या तुकड्यावर होती. शेवटचे दोन शब्द मी त्यांच्याकडे पाहून उच्चारले.

मला आठ दिवस घरी बसवण्यात आले. माझी चूक मी माझ्या तोंडाने सांगेन. तिच्या बदल्यात माझी जात, माझे घर, माझी माणसे कोणाच्याही हाती देणार नाही. हे तिथेच ठरले. पण आईबद्दलचे आधीचे ते "नाही" याने पुसले गेले नाही. ते माझेच आहे.

त्याच दिवशी तीनला गेटबाहेर पडलो. मास्तर तिथेच उभे होते. आई रस्त्यापलीकडे. मी मोठ्याने हाक मारली, "आई, चल."

तिने वर पाहिले. "वलखलंस काय?"

मी वाकलो, बोंबलांची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि सुटलेल्या पाळीच्या गर्दीमधून एस.टी.च्या थांब्यापर्यंत नेली.