सीटमधली तार

माझा धाकटा भाऊ वाल्मीक सायखेड्यात विहिरीच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. चाळीस वर्षं झाली. वस्तू खोलली की तिचं दुखणं सापडतं, एवढंच त्याचं शिक्षण. माझं तेवढंही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं जुनी गाडी घेतली, ती बायकोच्या कमरेसाठी. सखुबाईची कंबर थंडीत धरते, आणि पुढची सीट गरम होते हे विकणाऱ्यानं तिला सीटवर बसवून दाखवलं होतं. नांदगावला लेकीच्या बाळाचं बारसं होतं. तिथवर बसून जायचं तर ऊब पाहिजेच. पण गाडी नावावर झाली आणि सीट गार पडली. कंपनीचा शोरूमवाला म्हणाला, "काका, ते महिन्याच्या भाड्यावर असतं. नव्या मालकानं नव्यानं भरायचं."

वाल्मीकनं सीट खोलली. आत तापायची तार जागच्या जागी.

"अक्का, तार माझी, बॅटरी माझी, बूड माझ्या बायकोचं. मग भाडं कशाचं?"

"बुडाचंच असंल," मी म्हटलं.

नाशिकच्या एकाकडून त्यानं गाडीला कॉम्प्युटर लावून कंपनीनं सीटला घातलेलं कुलूप उघडून घेतलं. आठ दिवस सीट तापली. मग गाडी अंगणात उभी असतानाच कंपनीनं मोबाईलवर धाडतात तसं हवेतूनच काहीतरी धाडलं आणि सगळं परत बंद. बारसं दुसऱ्या दिवशी! वाल्मीक असा भडकला की त्यानं बॅटरीपासून सीटपर्यंत स्वतःची वायर ओढली आणि बटण बसवलं.

सकाळी आम्ही तिघं निघालो. सीट झकास तापली. पण थोडं पुढं गेल्यावर समोर लाल दिवा लागला आणि गाडी विसाच्या वर पळेचना. कांद्याचे ट्रॅक्टर हॉर्न देत आम्हाला मागं टाकू लागले.

"अहो, काढा ती वायर," सखुबाई म्हणाली.

"नाय काढणार. मी काय चोरी केली?"

"चोरी नाय हो, पण बारसं चुकतंय माझं!"

लासलगावात त्यानं दात खाऊन वायर उपटली. सीट गार झाली, दिवा मात्र तसाच. गाडी वीसच्या वीस. फोन केला तर म्हणे तो दिवा शोरूमवालाच घालवणार.

सखुबाई कंबर धरून उतरली. "वन्सं, चला एसटीनं. यांना येऊ द्या सावकाश."

एसटीच्या हाडं मोडणाऱ्या बाकावर ती हूं की चूं न करता बसली, आणि बाळाला पाळण्यात घालायला वेळेवर पोचली. वाल्मीक आला तेव्हा जेवणं उरकली होती. त्यानं पाणी मागितलं नाही, नाव काय ठेवलं तेही विचारलं नाही. व्याह्यांकडं स्क्रू ड्रायव्हर मागितला.