जळालेले पॉइंट

तो गुजराती गॅरेजवाला माझ्याशी कधीच बोलला नाही. गाडी माझी, चालवायचे मी, काय बिघडलंय ते सांगायचेही मीच, आणि उत्तर मात्र तो माझ्या नवऱ्याला द्यायचा. "शेठ, बेनला सांगा, गाडी चालसे. काही झालेलं नाही." नवरा मान डोलवायचा. वर हसायचाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. नवऱ्याला सिल्वासात सरकारी नोकरी होती आणि मी जवळच राखोलीला एका शाळेत विज्ञान शिकवत होते. वडिलांची जुनी गाडी माझ्याकडे आली होती, तीच घेऊन मी रोज शाळेत जायचे. त्या वर्षी गाडी तापली की खोकायला लागायची, चढावर झटके द्यायची आणि मध्येच बंद पडायची. महिन्याभरात तीनदा ती गॅरेजात गेली. तिन्ही वेळा त्याने एक काळं झाकण उघडलं, आत काहीतरी पॉलिश पेपरने घासलं आणि झाकण बंद केलं. "काय घासलंत?" मी विचारलं. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "बेनला काय करायचं आहे जाणून?"

शाळेत माझ्याबरोबर मुंबईची एक शिक्षिका होती. तिला आठवा महिना सरत आला होता आणि तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी गेला होता. एका दुपारी मधल्या सुट्टीत तिच्या कळा सुरू झाल्या. मी तिला गाडीत मागे झोपवलं आणि सिल्वासाच्या इस्पितळाकडे निघाले. अर्ध्या वाटेत गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. मी चावी फिरवत राहिले, मागे ती ओरडत राहिली. मी बॉनेट उघडलं आणि नुसती बघत उभी राहिले.

शेवटी एका कारखान्याचा टेम्पो थांबला. सुताच्या बॉबिनांच्या पोत्यांवर तिला निजवलं. इस्पितळाच्या फाटकाशी पोचण्याआधीच, त्या पोत्यांवर, मुलगी झाली. दोघी जगल्या. पण तिचं रक्त फार गेलं. ती तीन महिने अंथरुणात होती आणि नंतर नोकरी सोडून मुंबईला परत गेली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी दोरीने ओढत घरी आणली. आमच्या शेजारी धुळ्याकडचा एक माणूस राहायचा, सायली गावातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याने तेच काळं झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हरने एक पातं हलवलं आणि आत बोट दाखवलं. "ताई, हे पॉइंट पाहा."

धातूचे दोन बारीक ठिपके, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ, निळेकाळे जळालेले.

"हे दोन मिटतात तेव्हा कॉइलमध्ये करंट जातो," तो म्हणाला. "उघडले की करंट तुटतो, अन् तुटला की..."

"दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात," मी म्हणाले. "प्लगला ठिणगी मिळते."

तो बघतच राहिला. "तुम्हाला माहीत शे की!"

माहीत होतं. दर वर्षी नववीच्या फळ्यावर मी ती आकृती काढायचे. स्वतःच्या गाडीत ती कुठे आहे हे मात्र मी एकदाही शोधलं नव्हतं. माझा पहिला राग माझ्यावर आला, तो असा.

"पण हे जळाले का?"

"कंडेन्सर मेलाय, दुसरं काय. पॉइंट उघडताना जी ठिणगी पडते ती कंडेन्सर पिऊन टाकतो. तो गेला की पॉइंट जळतात. नुसतं घासून काय होणार? पुन्हा जळणार."

दुसऱ्या दिवशी ते पॉइंट रुमालात बांधून मी गॅरेजात गेले. नवरा सोबत आला, मी नको म्हणत असताना.

"कंडेन्सर का बदलला नाहीत?"

गॅरेजवाला नवऱ्याला म्हणाला, "शेठ, जुनी गाडी आहे. होतं असं."

"माझ्याकडे बघून बोला," मी ओरडले. "एक बाई टेम्पोत बाळंत झाली. तीनदा गाडी तुमच्याकडे आली होती. का बदलला नाहीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. बोलला तो माझा नवरा. "अगं, जाऊ दे ना. लोक बघतायत."

लोक बघत होते, खरंच. मी रुमाल तिथेच टाकला आणि चालत घरी आले.

त्यानंतर गाडी मी कोणाच्याही हातात दिली नाही. नवा कंडेन्सर मी बसवला, नवे पॉइंट मी बसवले, पत्र्याच्या पातळ मापाने त्यांच्यातली फट मी लावली. पहिल्यांदा फट जास्त झाली, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा इंजिन एका सुरात चालू लागलं. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून पुसायचं, प्लग काढून काजळी खरवडायची, वायरींना कुठे चीर गेलीय का ते बघायचं. रविवारची सकाळ त्यातच जायची.

काही वर्षांनी नवरा पाहुण्यांना कौतुकाने सांगायला लागला, "आमच्या हिला गाडीतलं सगळं कळतं हं, मेकॅनिक लागत नाही." पाहुणे वा म्हणायचे. मी हातातला चहाचा ट्रे ठेवून आत निघून जायचे. त्या दिवशी गॅरेजात "जाऊ दे ना" असं तो स्वतःच म्हणाला होता, ते त्याला आठवत नव्हतं. मी एकदा विचारलंही. "कधी म्हणालो मी असं?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच आठवत नव्हतं.