गाडी जेवते आहे

'फुकट' या शब्दाचं माझ्या मामाइतकं वावडं असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. वाण्यानं दिवाळीला कॅलेंडर दिलं, तर हा गृहस्थ त्याच्याकडून नको असलेल्या चार काडेपेट्या विकत घेऊन यायचा. शेजाऱ्यांनी कोथिंबीरवड्या पाठवल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांची स्कूटर पुसायचा. ते बिचारे ओशाळून वड्या पाठवायचेच बंद झाले. "कुणाचं मिंधं राहू नये रे," असं तो मला सांगायचा, आणि मी दिलेला चहा पिऊन कपबशी स्वतः विसळून ठेवायचा.

या तत्त्वापायी त्यानं सासुरवाडी गमावली. मामीचं माहेर निफाडकडचं. तिथं तिचे धाकटे भाऊ, बापू, द्राक्षबाग सांभाळायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामा तिथं दोन दिवस राहिला, पोटभर द्राक्षं खाल्ली आणि निघताना ताटाखाली नोटा ठेवल्या! बापूंनी त्या परत त्याच्या खिशात कोंबल्या. "दाजी, आम्ही काय खानावळ काढली व्हय? असं असंल तर येऊ नका." मामा म्हणाला, "बरं." झालं! तेव्हापासून मामी एकटीच एसटीनं जायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. बोलायची काही नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळीतल्या सगळ्या लेकी नवऱ्यासकट माहेरी निघाल्या की आमच्या मामीच्या हातून भांडी जरा जोरात आपटायची.

पुढं मामानं गाडी घेतली, तीही विजेवर चालणारी. भारनियमनाच्या दिवसांत, जेव्हा वीज स्वतःच पाहुण्यासारखी यायची आणि चहा टाकेपर्यंत जायची, तेव्हा! नाशिक रोडला लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. गाडी एवढीशी, की पोरं तिला 'डबी' म्हणायची. मामानं तिच्यासाठी पोर्चमध्ये वेगळं मीटर बसवलं, आणि वायर लावली की घरात जाहीर करायचा, "गाडी जेवायला बसली!" मग फ्यूज उडू नये म्हणून फ्रिज बंद, मिक्सर बंद. मामी खलबत्त्यात चटणी कुटायची. आल्यागेल्याला आधी मीटरपाशी नेलं जाई. "ही चकती बघा. दोन कप चहाच्या पैशात गाडी निफाड गाठेल! घरची वीज, कुणाचे उपकार नाहीत." आतून मामी म्हणायची, "माझे हात भरून येतात, त्याला पण एक मीटर बसवा."

एका चैत्रात ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "दोन कप चहात निफाड होतं ना? मग आखाजीला चला."

मामा आपल्याच बोलण्यात सापडला. पण हिशेब मांडल्यावर त्याचा चेहरा खुलला. गाडी घेताना सांगितलं होतं त्याप्रमाणे जाणं आणि येणं एका जेवणात बसत होतं. म्हणजे तिथल्या विजेला हात लावायला नको. बाटलीत पाणी घरचं, डब्यात पोळी घरची. मामी हो म्हणाली. ती कशालाही हो म्हणाली असती.

आखाजीच्या दिवशी मी गाडीच्या मागोमाग माझ्या स्कूटरवर निघालो. मामीनं गाडीत सांजोऱ्या भरल्या, पापड भरले आणि भावासाठी एक भलं थोरलं पितळी पातेलं. मामा "वजन! वजन!" म्हणून ओरडत राहिला. चांदोरीपर्यंत त्याचं गाणं मला ऐकू येत होतं. पुढं ते थांबलं. निफाडला पोचलो तेव्हा चार्जिंगचा काटा अर्ध्याच्या बराच खाली गेला होता, आणि मामाचा आवाजही.

बापू दारात उभे होते. "या दाजी," एवढंच म्हणाले. मामा बराच वेळ गाडीपाशी घुटमळला आणि मग दात उपटावा तसे त्याच्या तोंडून शब्द आले, "बापू, गाडीला... थोडी वीज मिळेल का?"

"लाइट सहाला येती. तवर जेवा."

पुरणपोळी होती, आमरस होता. मामानं डब्यातली पोळी काढली, मामीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि डबा बंद झाला. पण हा पठ्ठ्या जेवला तो पाहुण्यासारखा, अर्ध्या पोळीवर.

सहाला वीज आली. बागेला पाणी द्यायची तीच वेळ. बापूंनी मोटर सुरू केली नाही, आधी गाडीला वायर जोडली. मामानं ते पाहिलं आणि त्याचा हात खिशाकडे गेला. आता पुन्हा तेच होणार आणि मामीचं माहेर कायमचं तुटणार!

बापू म्हणाले, "दाजी, तुमचे वडील सोयरीक करायला छकड्यातून आले, तवा आमच्या बानं त्यांच्या बैलांना वैरण टाकली. तिचं बिल केलं नाय. ही बी भुकेली आली, जेवती. बास."

मामाचा हात खिशातच राहिला. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा कोरड्या बागेकडे. मग हळूच म्हणाला, "बापू, पोळी उरलीय का अजून एखादी?"

मामी पदर डोळ्याला लावून आत पळाली. मलाही भरून आलं, कशाला लपवू? बापू हसत सुटले आणि दोन पोळ्या वाढल्या. त्या रात्री आम्ही कुणी परत आलो नाही.

पुढं दर आखाजीला डबी निफाडला जायची. बापूंनी तिच्यासाठी पडवीत वेगळा प्लग बसवून घेतला. गाडीचा खर्च कुणी विचारला की मामा सांगायचा, "घरी दोन कप चहा." आणि निफाडला? "तिथं ती जेवते," म्हणायचा आणि विषय बदलायचा.

मामाला जाऊन बरीच वर्षं झाली. डबी त्याच्या आधीच थकली होती. यंदा मी विजेवरची गाडी घेतली आणि आखाजीला मामीला घेऊन निफाडला गेलो. बापू आता काठी टेकत चालतात. त्यांनी माझ्या हातातून वायर घेतली आणि पडवीतल्या त्याच प्लगला लावली. मी मान वर करून भिंतीवर शोधू लागलो.

"काय बघतो?"

"मीटर कुठंय, बापू?"

"प्लग बसवला तवा दाजींनी बी पहिल्या साली हेच इचारलं," बापू म्हणाले. "दुसऱ्या साली नाय इचारलं."

आतून मामीची हाक आली, "तिचं चालू दे रे, तू पानावर बस." मामा हवा होता, असं फार वाटलं. मी आत गेलो आणि पहिल्यांदाच पोळी मागून घेतली.