टोपाखालचा पत्ता

टोपवाली मावशी जाळीच्या टोपीत बारीक आकडीनं केस ओवते आणि प्रत्येकाला गाठ मारते. खोली एवढीशी. फळीवर लाकडी मुंडकी रांगेनं बसलेली. येणारं माणूस मावशीच्या आधी त्यांनाच दचकतं.

भाचीनं तयार टोपांचे फोटो टाकून वेबसाइट काढली, तेव्हा मावशीची अट एकच होती: वेबसाइटचा पत्ता आपल्या लिपीत हवा. "मला वाचता येत नाही तो माझा पत्ता कसला?" तसा पत्ता मिळाला. मग मावशीनं तो दुधवाल्यालासुद्धा वाचून दाखवला.

पुढे एका मुख्याध्यापिकेचा फोन आला. आजारपणात केस गेलेले, आणि सोमवारी शाळेत रुजू व्हायचं. भाचीनं लगेच पत्ता पाठवला. थोड्या वेळानं बाईंचा पुन्हा फोन. "एक्स, एन, दोन रेघा आणि पुढे नुसती गिचमीड. फसवाफसवीचं मी उघडत नाही. राहू द्या."

मावशीनं आकडी खाली ठेवली. "काय पाठवलंस गं?"

"आपलाच पत्ता! अगं, पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रांना फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ कळते. आपण आपल्या लिपीत लिहिलं की ब्राउझर गुपचूप त्याचं तसलं रूप करतो आणि ते घेऊन विचारायला जातो. सुरुवातीचं एक्स-एन म्हणजे खूण, की हे मूळचं दुसऱ्या लिपीतलं. वर आपल्याला आपलीच अक्षरं दिसतात. मी कॉपी केलं, तर आतलं आलं."

मावशीनं मुंडक्यांकडे पाहिलं. "म्हणजे वर टोप, आत टक्कल."

"हो... तसंच."

"मग बोडक्या डोक्यानं बाहेर धाडलंस कशाला त्याला?"

भाचीनं बाईंचा नंबर काढून दिला.

मावशीनं स्वतः फोन लावला. "बाई, ते पुसा. मी सांगते तसं आपल्याच अक्षरांत लिहा, तुमच्या हातानं." तिनं सावकाश सांगितलं. पलीकडे टकटक ऐकू आली.

"उघडलं," बाई म्हणाल्या. मग हळूच, "वारा आला तर हो?"

"येऊ दे की. तुम्ही या. घालते आणि ओढून दाखवते."

रविवारी बाई आल्या, कपाळापर्यंत रुमाल बांधून. मावशीनं भाचीला चहा आणायला पिटाळलं.

"आत्ताच तर झाला चहा."

"मग परत होऊ दे."

भाची गेली. मावशीनं दार लोटलं, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला.

"हं," ती म्हणाली, "सोडा आता रुमाल."