तीन नंबरची रिकामी जागा

रघुनाथराव सरांची आणि माझी ओळख झाली ती मला कामावरून काढलं त्या दिवशी. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात हे लिहू का, असं त्यांना विचारलं. "लिही. झालं तसंच लिही," एवढंच म्हणाले.

मी नववी नापास. कोल्हापूर सोडलं, भोसरी झाली, होसूर झालं, वर्षभर कुठे टिकलो नाही. इथे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तीन नंबरच्या लेथवर होतो. तासातासाला प्रत्येक लेथवर निघालेल्या एका जॉबचं, म्हणजे तयार भागाचं, माप घ्यायचं आणि सहाही लेथचे आकडे कागदावर एका ओळीत लिहायचे, हेही काम माझ्याकडे. ते टाइप होऊन फ्लॉपीवरून क्वालिटीचे प्रमुख असलेल्या सरांच्या संगणकात जात, मग आलेख भिंतीवर लागे. त्या आठवड्यात माझ्या लेथचा आलेख पिसाळल्यासारखा वरखाली. सुपरवायझर म्हणाले, "घोरपडे, उद्यापासून येऊ नको." बॅग माझी कायम भरलेलीच.

सरांनी दारात अडवलं. सर तंजावरच्या मराठी घरातले. मराठी जुनी, बोलण्याची चाल तमिळ. माझा कागद पुढे करून विचारलं, "तंबी, हे रिकामं तू सोडलास की?" तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

"टूल बदलत होतो सर. जॉबच निघाला नाही तर लिहू काय?"

"बस इथं."

"एका जागी बसवत नाही मला."

"मग उभ्यानं वाच. मोठ्यानं."

मी वाचत गेलो, सर पडद्यावर बोट फिरवत गेले. मी सोडलेल्या जागी चार नंबरचा आकडा बसला होता, चारमध्ये पाचचा, पाचमध्ये सहाचा, आणि सहाचा रकाना रिकामा. सहा नंबर तर दिवसभर चालू होता. आकडे आत घेताना सॉफ्टवेअरनं रिकामी जागा गिळली आणि पुढचे सगळे एकेक घर मागे सरकले. बिघाड चार नंबरचा, नाव माझं.

सर तडक लेथच्या शॉपवर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आकडे मी आत घेतलो, ताडून पाहिलो नाही. चूक माझी." साहेब माणूस असं बोलताना मी तोवर पाहिला नव्हता. माझं काम मला परत मिळालं.

तेव्हापासून नियम झाला. आकडा नसेल तिथे टिंब द्यायचं, आणि पहिली, शेवटची व टिंब असलेली प्रत्येक ओळ कागदाशी ताडायची. कागद वाचणार तो लिहिणाराच.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी मला संगणकावर बसवलं. सरांच्या पत्नी पद्माकाकूंच्या डब्यात माझाही वाटा असे. मी दर दहा मिनिटांनी उठायचो. सर रागावले नाहीत. "फिर की. कुठल्या ओळीत आहेस ते सांगून फिर."

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. त्याच आठवड्यात होसूरहून दुसऱ्या नोकरीचा फोन आला, आणि खोटं कशाला लिहू, मी बॅगेची चेन लावली होती. सोमवारी पहिल्यांदा एकट्यानं आकडे आत घेतले. सवयीनं कागद मोठ्यानं वाचू लागलो. चार नंबरवरचा सेल्वम आला, "कुणाला ऐकवतोस रे?" म्हणाला, आणि पडद्यावर बोट ठेवून उभा राहिला.

होसूरला नाही म्हणून कळवलं आहे. सरांना काकूंच्या संगतीत निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. कधी इकडे आले तर त्यांनी शेवटची ओळ ताडून जावी. मी इथेच असेन.