बैलाची पानथरी

“बघतो काय? दोरी लाव अन् वढ. तुमच्या लोकांला काय शिकवायचंय व्हय?”

दूध संघाचा चेअरमन सगळ्या छावणीदेखत मला म्हणाला. माझ्या अंगात पांढरा कोट होता. ढोरांचा डॉक्टर होतो मी, आमच्या वस्तीतला पहिलाच शिकलेला. तरी म्हणाला.

दुष्काळाचं साल. कळंबकडच्या माझ्याच गावात संघाची गुरांची छावणी होती. आमच्या प्रयोगशाळेनं तिथला एक बैल घेतला अन् वासरांच्या हगवणीच्या जंतूची लस त्याला टोचत आणली. त्या जंतूशी लढणारं द्रव्य बैलाच्या पोटात, पानथरीतल्या म्हणजे प्लीहेतल्या पेशी बनवतात. पण पेशी बाहेर काढल्या की मरतात. म्हणून त्या उंदराच्या कॅन्सरच्या पेशींशी जोडायच्या, कारण त्यांची वाढ थांबतच नाही. जोड जमली की नवी पेशी जगत राहते अन् बैलाचं द्रव्य बनवत राहते. बैल अन् उंदीर एका नळीत नांदवायला निघालेली माणसं ही!

प्रयोगशाळेच्या साहेबांनी बैलाला मारायचं शेवटचं इंजेक्शन घाईत बाहेरच दिलं. शेडात न्यायच्या आधीच तो उन्हात, धुळीत कोसळला. पानथरी काढायची तर स्वच्छ जागी, शेडात, अन् ताबडतोब. छावणीतले गडी हात लावेनात. मेलेलं ढोर ना! मग चेअरमनचं बोट माझ्याकडं आलं.

मी साहेबांकडं बघितलं. वाटलं, शिकलेला माणूस, बोलेल काहीतरी. ते म्हणाले, “अरे, आटप ना. पेशी मरतील.”

भ्यालो. खोटं कशाला सांगू, लई भ्यालो. नोकरी कच्ची होती. अन् माझे वडील, दादा, त्याच छावणीत रोजानं वैरण टाकायचे. ते तिथंच गर्दीत उभे होते. बौद्ध झाल्यावर याच गावात दादांनी मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणलं होतं. गावानं आम्हाला गिरणी बंद केली, विहिरीची वाट बंद केली अन् दादांचा हात मोडला. तो हात परत सरळ झालाच नाही.

तोच हात पुढं आला. दादांनी दोरी उचलली.

“नोकरी जाईल रं लेकरा. एकदाच. म्या वढतो.”

हात मोडून घेतला, पण ह्या माणसानं तेव्हा दोरी धरली नव्हती. आज माझ्यापायी धरत होता. थू असल्या नोकरीवर! मी दोरीवर पाय दिला.

“दादा, सोडा.”

ते सोडेनात.

मी साहेबांकडं वळलो. आवाज चिरका निघाला, पण निघाला. “पानथरी मी काढतो. ते माझं काम हाय. वढायचं तर सगळ्यांनी वढायचं. साहेब, तुमी शिंगं धरा. चेअरमन, तुमी शेपूट.”

कुणी हललं नाही. चेअरमननं आईवरनं शिवी हासडली. गड्यांच्या हातात मला काठ्या दिसल्या. खरंच होत्या का भीतीनं दिसल्या, आज सांगता येत नाही. बैलावर माशा बसायला लागल्या. पानथरी पोटातच नासली. एवढा खर्च पाण्यात गेला ते चाललं, हात लावायचं मात्र कुणाला चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. “राजीनामा दे. तुझा बाप त्या गावात राहतो, विसरू नकोस.”

घरी आई रडली. दादा म्हणाले, “देऊन टाक बाबा.” मी आधी दोघांना गावातून माझ्या खोलीवर आणलं. मग साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

“राजीनामा देणार न्हाय. काढायचं तर काढा, पण कारण लिहून काढा. मेलेला बैल वढला न्हाय, एवढंच कारण हाय. तेच लिहा. खाली तुमची सही करा.”

मी हात खिशात घातले. म्हणलं, तुम्ही लिहिस्तोवर मी इथनं हलत नाही.